अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असावे असे ठरले व ते लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसारातली बाई. मोठी विद्वत्ता माझ्याजवळ नाही. म्हणून जिच्या कामाची खूण आपण रोज डोळ्यांनी पाहतो, अशाच स्त्रीची हकीकत सांगावयाचे मी ठरविले. आपली लहान लेकरे सकाळी ज्या अंगणवाडीत जातात, ती अंगणवाडी प्रथम कोणी व कशी काढली, हे आपणांपैकी पुष्कळजणींस ठाऊक नसेल. ती काढणाऱ्या बाईंचे नाव ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव हे प्रार्थना समाजाचे, मुलींना शिकवावे अशा मताचे होते. त्या काळी मुलगी चार बुके शिकली तरी लोक नावे ठेवीत. अशा दिवसांत ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवून बाहेर पडल्या. पुढे अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु तो संसार टिकला नाही. १९२१ साली त्या वेगळ्या झाल्या. पदरी एक लहान मुलगी. शंभर वर्षांपूर्वी अशा बाईकडे समाज कोणत्या नजरेने पाहात असेल, हे मी निराळे सांगावयास नको. ताराबाई रडत बसल्या नाहीत. त्यांनी शिक्षणाचे काम हाती धरले.

काठेवाडात राजकोट येथे बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज होते. तेथे शिक्षिका तयार होत. ताराबाई त्या कॉलेजच्या प्राचार्या झाल्या. जागा मानाची होती. एकट्या बाईला लेकरू वाढवायचे असताना अशी जागा म्हणजे मोठाच आधार. तेवढ्यात जवळच्या भावनगर शहरातील एका बालमंदिराची कीर्ती त्यांच्या कानी आली. गिजुभाई बधेका यांनी दक्षिणामूर्ती या संस्थेत १९२० साली ते सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. वकिली सोडून ते अडीच-तीन वर्षांच्या मुलांत रमले. मुलांवरील त्यांच्या मायेमुळे गुजरातेत त्यांना मिशावाली आई म्हणत.

ताराबाईंनी प्राचार्यपद सोडले व १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या. त्या वेळी त्यांचे वय एकतीस होते. दुसऱ्यांना शिक्षिका बनविणाऱ्या बाईने खुर्ची सोडून पुन्हा आपणच शिकावयास जावे, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. आपल्याला सर्व येते असे एकदा मनाने धरले की माणसाची वाढ तेथेच थांबते. ताराबाईंनी तसे होऊ दिले नाही.

भावनगरच्या बालमंदिरात छडी नव्हती, घोकंपट्टी नव्हती. इटली देशातील डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोम शहरात गरिबांच्या मुलांसाठी बालगृह काढले होते. त्यांच्या पद्धतीवर येथील काम चाले. या पद्धतीत शिक्षिकेने सारखे बोलत सुटावयाचे नसते. मूल काय करते, कशात रमते, कोठे अडते हे तिने शांतपणे पाहावयाचे असते. मॉन्टेसरीबाईंचे सांगणे असे होते की, मुलांना शिकविण्याआधी शिक्षिकेने स्वतःस तयार करावे. आपला राग व आपला गर्व तिने अगोदर ओळखावा आणि दूर ठेवावा.

आपल्या घरातली गोष्ट घेतली म्हणजे हे चटकन समजते. थापताना भाकरी मोडली तर आपण पिठावर रागावत नाही. पाणी पुरेसे गरम होते का, पीठ नीट मळले का, हे पाहतो. मूल शिकत नसेल तर शिक्षिकेनेही प्रथम आपल्या हाताकडे पाहावे, असाच हा विचार आहे.

भावनगरला ताराबाई सुमारे नऊ वर्षे राहिल्या. १९२६ साली त्यांनी व गिजुभाईंनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. शिक्षण पत्रिका नावाचे मासिकही चालविले. मासिक गुजरातीत होते, पुढे मराठीतही निघू लागले. ह्या दोन गोष्टींचे मोल फार आहे. खेड्यापाड्यांत एकटीच काम करणारी शिक्षिका विहिरीतल्या बेडकासारखी होऊन जाते. आपले बरोबर चालले की चुकते, हे तिला सांगणारे कोणी नसते. संघामुळे व पत्रिकेमुळे अशा शिक्षक-शिक्षिकांना एकमेकांचा आधार झाला. एकाला सापडलेली युक्ती दुसऱ्याच्या उपयोगी पडू लागली. मुलांसाठी गाणी, गोष्टी व पुस्तके तयार झाली.

पुढे ताराबाई मुंबईस आल्या. १९३६ साली दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केले. तेथे मुले शिकत आणि शिक्षिकाही तयार होत. नाव झाले, लोकांचा मान मिळाला. परंतु शहरातल्या शिशुविहारात येणारी मुले बहुतेक चांगल्या घरची. ज्यांची आईबापे पहाटेच मजुरीला जातात, त्या मुलांचे काय? मॉन्टेसरी पद्धतीची साधने महाग. ती खेड्यात कोण घेणार? हे प्रश्न समोर होतेच. तेव्हा १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई मुंबई सोडून डहाणू तालुक्यातील समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या व तेथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. आपला मराठवाडा त्या वेळी अजून निजामाच्या राज्यात होता.

याच वर्षी त्यांना एक सोबतीण मिळाली. ती म्हणजे अनुताई वाघ. अनुताईंचा जन्म १९१० साली पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झाले व सहा महिन्यांच्या आतच कपाळीचे कुंकू पुसले गेले. नंतर त्या शिकल्या व शिक्षिका झाल्या. १९४५ साली बोरिवलीस ग्रामसेविकांचे शिबिर होते. तेथे त्यांची व ताराबाईंची गाठ पडली आणि त्या बोर्डीला आल्या. एक नवऱ्यापासून वेगळी झालेली, दुसरी बालविधवा. ज्यांना समाज अभागी म्हणाला असता, अशा ह्या दोन बायका शेकडो लेकरांच्या आया झाल्या.

बोर्डीस त्यांनी बालवाडी काढली. पण गरीब वस्तीतली मुले येईनात. बोलावून आणावीत तर दुसऱ्या दिवशी पुन्हा नाहीत. अशा वेळी पुष्कळ ठिकाणी एकच उत्तर मिळते. ही मुलेच तशी, यांच्या आईबापांना शिक्षणाची गोडी नाही, असे म्हणून मोकळे होतात. ताराबाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी वस्तीत जाऊन पाहिले. आई कामावर गेलेली, मुलाला आंघोळ घालणारे कोणी नाही, धड कपडा नाही, धाकट्या भावंडाला सांभाळावयाचे आहे. असे मूल नटूनथटून शाळेत येणार कसे? मग त्यांनी आपलीच रीत बदलली. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाच्या अंगणात न्यावी असे ठरले. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. अंगण झाडावयाचे, मुलांना धुऊन-पुसून, वेणीफणी करून बसवावयाचे आणि तेथेच गाणी, गोष्टी व खेळ घ्यावयाचे. हीच अंगणवाडी.

महाग साधनांचा प्रश्नही असाच सुटला. शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, माती हेच खेळाचे व मोजणीचे सामान झाले. गरिबाच्या दारी जे फुकट मिळते त्यातूनच शिक्षण उभे राहिले.

पुढे १९५६-५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारली आदिवासींची वस्ती. मुले शाळेत न येता गुरांमागे कुरणात जात. ताराबाई व अनुताईंनी पुन्हा तोच विचार केला आणि शिक्षिका कुरणात गेल्या. त्या शाळेला कुरणशाळा म्हणत. गुरे चरत असावीत व झाडाखाली लेकरे शिकत असावीत. मुली शाळेला येत नसत, कारण कडेवर धाकटे भावंड असे. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. तिला विकासवाडी हे नाव दिले. बाळ पाळणाघरात व बहीण वर्गात, अशी सोय झाली.

ह्या सर्व कामात विचार मुख्यतः ताराबाईंचा व प्रत्यक्ष राबणूक अनुताईंची, असे जाणते लोक सांगतात. मला वाटते, दोघींपैकी एकटीच असती तर हे काम इतके फळाला आले नसते. वस्तीत काय घडले हे अनुताईंच्या अनुभवातून कळावे आणि ताराबाईंच्या विचाराने त्यातून पुढची वाट निघावी, अशी ही जोडी होती. वयात अठरा वर्षांचे अंतर, पण काम एकीचे.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. नंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, सरकारने एकात्मिक बाल विकास योजना ३३ ठिकाणी सुरू केली व अंगणवाडी हे नाव देशभर पोचले. ताराबाईंना ते पाहावयास मिळाले नाही. अनुताईंनी मात्र १९९२ सालापर्यंत, म्हणजे स्वतःच्या निधनापर्यंत, कोसबाडचा दिवा तेवत ठेवला.

आता आपल्या चुडाव्याकडे वळू. आपल्या ह्या भागात कापसाची वेचणी आली, उसाची तोडणी आली, की लेकरांच्या शाळा बुडतात. मोठी बहीण धाकट्याला घेऊन घरी राहते. दुसरीतिसरीतले पोर शेतावर जाते. मग पालक शाळेला बोल लावतात आणि शाळा पालकांना. त्यात लेकराचे वर्ष जाते, आणि गेलेले वर्ष परत येत नाही. मला वाटते, येथेच ताराबाईंचे चरित्र आपल्या उपयोगाचे आहे. मूल का आले नाही, माझ्या शिकविण्यात काय बदलावे, हे गुरुजींनी व बाईंनी स्वतःस विचारावे आणि मग ते आपल्या जोडीदारांपुढे मोकळेपणाने मांडावे. शिक्षकांच्या केंद्रावर महिन्याला शिक्षण परिषद भरते. अंगणवाडी सेविकांचीही बैठक होते. तेथे नुसते कागद भरून उठू नये. माझ्या वर्गात हे जमले नाही, तुम्ही कसे करता, एवढे विचारण्यात कमीपणा नाही. प्राचार्यपद भोगलेल्या बाईंनी तो कमीपणा मानला नाही, तर इतरांनी का मानावा?

आणि आपण मंडळाच्या बायकांनीही काही करावयाचे आहे. वेचणीच्या दिवसांत आठवड्यातून एखादी दुपार आपल्यापैकी दोघीजणींनी अंगणवाडीत जाऊन बसावे, सेविकाताईंना काय अडते ते विचारावे, धाकटी बाळे थोडा वेळ सांभाळावीत. तेवढ्याने एखादी मुलगी शाळेत जाईल. ह्या वर्धापनदिनी आपण हे ठरविले तर ताराबाईंना केलेले वंदन खऱ्या अर्थाने पोचेल.