फियाटच्या आठवणी आणि वालचंद हिराचंद

ऑक्टोबर २०२३ अखेर प्रीमियर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची निघून गेली. तेव्हा अनेकांना गहिवरून आले, आणि ते स्वाभाविकच होते. बाहेर बसविलेले ते मीटर, टपावरील सामानाचा कठडा आणि गाडीचे दुखणे नुसत्या आवाजावरून ओळखणारे कारागीर यांचे मिळून एक जगच होते. तथापि या आठवणींच्या पुरात एका सोलापूरकराचे नाव क्वचितच ऐकू आले. ही गाडी ज्या कारखान्यातून आली त्याचे संस्थापक वालचंद हिराचंद हे ते गृहस्थ होत.

वालचंदांचा जन्म १८८२ साली झाला. घराणे सावकारी आणि कापसाच्या व्यापारातले. पण त्यांचे मन त्यात रमले नाही. लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतील माजी कारकुनाशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा ठेका घेतला. (कारकुनी करणाऱ्या वाचकांनी याची नोंद घ्यावी!) पुढे १९१९ साली सिंदिया कंपनीचे 'लॉयल्टी' जहाज ब्रिटिश कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान देत मुंबईहून निघाले. १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना निघाला, तर १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या कारखान्याची कोनशिला बसली.

मोटारीचा प्रश्न मात्र सर्वांत चिवट ठरला. परदेशी कंपन्या सुटे भाग आणून येथे गाड्या जुळवीत असत. गाडी येथेच घडविण्यात त्यांना स्वारस्य नव्हते. विश्वेश्वरय्यांनी आखलेल्या योजनेला मुंबईच्या काँग्रेस मंत्रिमंडळाची सहानुभूती होती, परंतु १९३९ मध्ये ते मंत्रिमंडळच गेले. त्याच वर्षी वालचंद अमेरिकेत गेले. फोर्डशी जमले नाही, क्रायस्लरशी जमले. महायुद्धाच्या काळात लष्कराला वाहने हवी होती, पण हिंदी कारखान्याला उत्तेजन देण्याची सरकारची तयारी नव्हती. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ पासून कुर्ल्याहून गाड्या बाहेर पडू लागल्या. फियाटशी करार त्यानंतरचा.

हिंदी उद्योगाला संरक्षण हवे, ही वालचंदांची आयुष्यभराची मागणी होती. ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी, येथे उत्पादन करण्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना यापुढे वाव नाही, असे सरकारने ठरविले. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. मागणी मान्य झाली होती; मागणारा मात्र राहिला नव्हता.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे थबकावे लागते. संरक्षणाविना कुर्ल्याचा कारखाना तगला नसता, हे मला निर्विवाद वाटते. पण संरक्षण हे रोपट्याभोवतीचे कुंपण असते. झाड वाढल्यावर ते काढायचे असते. आपण ते काढले नाही, उलट परवान्यांची तटबंदी उभारली. ग्राहक पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहू लागला आणि स्पर्धकच नसल्यामुळे गाडी सुधारण्याची निकड कोणालाच उरली नाही. आज जिच्या जुनेपणाचे आपण कौतुक करतो, ती पद्मिनी नवी कोरी विकत घेतानाच जुनी झालेली होती! याचा दोष वालचंदांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. विमान, जहाज, मोटार असा एकामागून एक नव्या गोष्टींचा ध्यास घेणारा हा माणूस एकाच नमुन्यावर तीन दशके समाधान मानून बसला असता, असे वाटत नाही. त्या नमुन्याची फियाट कुर्ल्याहून १९६४ साली बाहेर पडली, तेव्हा त्यांना जाऊन अकरा वर्षे झाली होती.