बाबासाहेबांचे दुखणारे पाय आणि आपली तपासणी

सुलतानपूरला (ता. लोणार) दरवर्षी जयंतीच्या भाषणांत आम्ही बाबासाहेबांच्या पदव्या, सत्याग्रह आणि संविधान सांगतो. त्यांच्या आजाराबद्दल मात्र कुणी बोलत नाही. तोच आजार आज आपल्या घराघरांत असल्यामुळे आता बोलायला हवे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या बाबासाहेबांनी कोलंबिया आणि लंडनला शिक्षण घेतले, १९२७ मध्ये महाडला पाण्याचा सत्याग्रह केला. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि ते तिचे अध्यक्ष झाले. याच काळात मधुमेह बळावला. १९४८ च्या सुरुवातीला पायांच्या वेदनांनी त्यांना रात्र-रात्र झोप लागत नव्हती. मज्जातंतूंना सूज आल्याचे निदान झाले. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला. त्या आपल्या माईसाहेब. पुढची आठ वर्षे त्यांनी पथ्य आणि औषधपाणी सांभाळले. १० ऑगस्ट १९५१ च्या पत्रात बाबासाहेबांनी पंतप्रधानांना तब्येतीची चिंता कळवली आणि हिंदू कोड बिल लवकर घेण्याची मागणी केली.

साखर बरीच वर्षे ताब्यात नसेल तर मज्जातंतू खराब होतात. पायांची आग होते, मुंग्या येतात, पुढे पाय बधिर होतात. हृदयाच्या मज्जातंतूंनाही इजा होते, आणि ती बाहेरून दिसत नाही. निरोगी माणसाने श्वास घेतला की ठोके वाढतात, सोडला की कमी होतात. इजा झाली की हा चढउतार मंदावतो. १९७३ मध्ये लंडनच्या व्हीलर आणि वॉटकिन्स या डॉक्टरांनी मधुमेही रुग्णांत हे दाखवले. तपासणी सोपी आहे. ईसीजी लावून मिनिटाला सहा खोल श्वास घ्यायचे. ठोक्यांच्या सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगातला फरक १५ किंवा अधिक असेल तर ठीक, १० किंवा कमी असेल तर शंका. वयानुसार हा फरक घटतो, म्हणून निदान डॉक्टरांनीच करावे. अशा रुग्णाला उभे राहताच चक्कर येऊ शकते. छातीत न दुखताही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.

बाबासाहेबांच्या हृदयाची अशी तपासणी त्या काळी नव्हती. त्यामुळे त्यांना नेमके काय झाले होते याचा दावा कुणी करू नये. आपल्याला माहीत आहे ते एवढेच: थकलेल्या शरीराने त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंना धम्मदीक्षा दिली, नोव्हेंबरमध्ये काठमांडूला बौद्ध परिषदेत भाषण केले, ५ डिसेंबरच्या रात्री ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेवर काम केले. ६ डिसेंबरला, दिल्लीच्या अलिपूर रोडवरील घरात, झोपेतच त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

पाय दुखतात हे आपले आईवडील सांगत नाहीत, मजुरीचा थकवा समजून गप्प बसतात. आम्ही ठरवले आहे की यंदा ६ डिसेंबरला दादरला निघण्याआधी विहारात प्रत्येकाला साखरेबद्दल आणि पायांबद्दल विचारायचे. तिशीनंतरची साखरेची तपासणी सरकारी उपकेंद्रात मोफत आहे. ज्यांना जुना मधुमेह आहे त्यांना घेऊन तालुक्याला जा आणि हृदयाच्या मज्जातंतूंची तपासणी कुठे होईल हे डॉक्टरांना विचारा. बाबासाहेबांच्या काळी ही सोय नव्हती. आज ती आहे, मग आपली माणसे तिच्यावाचून का राहावीत?

जय भीम! नमो बुद्धाय!