लक्ष्मणराव किर्लोस्कर : कारखान्यात शाळा भरवणारा शिक्षक



दहावीचा निकाल लागला की दरवर्षी एक ठरलेला प्रश्न आपल्यापुढे येतो. मार्क कमी पडलेत, आता याला कुठे घालायचं? मग आयटीआयचं नाव निघतं, पण जरा खालच्या आवाजात. मुलगा शेजारीच उभा असतो आणि तो आवाज त्यालाही ऐकू जातो.

म्हणून आज एका शिक्षकाचं चरित्र सांगतो. किर्लोस्कर हे नाव तुम्ही विहिरीवरच्या पंपावर किंवा इंजिनावर वाचलेलं आहेच. कारखानदार म्हणून लक्ष्मणराव आपल्याला माहीत असतात. पण ते आधी आपल्यासारखेच मास्तर होते, हे आपण मुलांना सांगायला विसरतो.

रंग सुटले, रेषा राहिल्या

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगावजवळच्या गुर्लहोसूर गावचा. शाळेच्या पुस्तकांपेक्षा चित्रात आणि यंत्रात त्यांचा जीव जास्त. वडिलांच्या मनात नसतानाही १८८५ मध्ये ते मुंबईला गेले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकू लागले. वय अवघं सोळा.

दोन वर्षांनी लक्षात आलं, की त्यांना काही रंगांमधला फरक नीट कळत नाही. अंशतः रंगांधत्व होतं. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलावर यापेक्षा मोठा घाव कोणता? आज आपल्या वर्गात असं घडलं, तर आपण त्या मुलाला काय सांगू, याचा जरा विचार करा.

लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण पेन्सिल सोडली नाही. त्यांनी यांत्रिक आरेखनाकडे, म्हणजे मेकॅनिकल ड्रॉइंगकडे मोर्चा वळवला. यंत्राचा एखादा भाग समोरून, वरून आणि बाजूनं कसा दिसेल, मधून कापला तर आत काय असेल, हे मापासकट कागदावर उतरवायचं. इथे रंगाचं काही अडत नाही, रेष अचूक लागते. पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते हाच विषय शिकवू लागले. शिकवणं झालं की पाय कार्यशाळेकडे वळायचे. यंत्रं कशी चालतात, कशी खोलतात, कशी जोडतात, हे ते हातानं करूनच शिकले.

इंजिनिअरिंगची पदवी मात्र त्यांच्याकडे नव्हती. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

सायकलपासून नांगरापर्यंत

बेळगावात थोरले बंधू रामूअण्णांबरोबर त्यांचं सायकलचं दुकान १८८८ पासूनच सुरू झालेलं होतं. मुंबईतून लक्ष्मणराव सायकली पाठवायचे, इकडे रामूअण्णा विकायचे. सायकल तेव्हा नवलाची वस्तू होती. म्हणून ती चालवायलाही शिकवावं लागे, आणि त्या शिकवणीचे १५ रुपये घेतले जात. बघा, या घराण्याच्या धंद्यात शिकवणं पहिल्यापासूनच होतं.

मग कडबा कापायचं यंत्र आलं आणि त्यापाठोपाठ लोखंडी नांगर. नांगर बनवणं एक वेळ सोपं, तो खपवणं अवघड. लोखंडानं जमिनीत विष पसरतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले काही नांगर खपायला दोन वर्षं गेली. गिऱ्हाइकाला आधी समजावून द्यायचं आणि मगच माल द्यायचा, हा धडा त्यांना तिथे मिळाला.

त्यातच शहराच्या वाढीसाठी बेळगावच्या नगरपालिकेनं कारखान्याची जागा रिकामी करायला लावली. त्या अडचणीत औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. हा राजा स्वतः चित्रकार होता. त्यांनी कुंडल रोड नावाच्या एकाकी रेल्वे स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं. जमीन कसली, निवडुंगाचं रान आणि साप! १९१० मध्ये तिथे कारखाना आणि वसाहत उभी राहू लागली. तीच आजची सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. पुढे त्या स्टेशनलाही हेच नाव मिळालं.

माणसं कुठून आणली?

आता खरा प्रश्न. रानात कारखाना काढला, पण कामगार कुठून आणायचे? ओतकाम म्हणजे काही खायचं काम नाही. आधी लाकडाचा नमुना करायचा, वाळूत त्याचा साचा बसवायचा, वितळलेलं लोखंड नेमक्या वेळी ओतायचं. वाळू जास्त ओली राहिली तरी माल फुकट, लोखंड थोडं थंड झालं तरी फुकट. त्यानंतर लेथवर कातायचं आणि मापात बसवायचं. हे येणारी तयार माणसं माळरानावर मिळणार नव्हती. ती तिथेच घडवावी लागणार होती.

लक्ष्मणरावांचे सुरुवातीचे सहकारी पाहा. अनंतराव फळणीकर यांची शाळा अर्धवट सुटलेली, पण ते कल्पक यंत्रज्ञ ठरले. के. के. कुलकर्णी यांना परीक्षा जमल्या नाहीत, तरी ते व्यवस्थापक झाले आणि कुठलीही अडचण निस्तरणारे म्हणून नावाजले गेले. शंभूराव जांभेकर एकटेच इंजिनिअर, यंत्रचालक आणि मिस्त्री अशी सगळी कामं सांभाळायचे. मंगेशराव रेगे हिशेब बघायचे. आणि रात्रीच्या पहाऱ्यावर कोण? तर तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, तुरुंगातून सुटून आलेले दोघे दरोडेखोर! वाडीच्या मालमत्तेची राखण त्यांच्यावर सोपवली होती आणि ती त्यांनी विश्वासानं केली. वाडीत अस्पृश्यता पाळायला बंदी होती, हेही लक्षात ठेवा. शेजारी बसू द्यायचं नाही, हत्याराला हात लावू द्यायचा नाही, असं असेल तर शिकवणार काय?

यातल्या कुणालाही आपण आपल्या वर्गात हुशार म्हटलं असतं का? मला स्वतःला खात्री नाही.

लक्ष्मणराव माणूस निवडताना कागद बघत नव्हते, कारण कागद नसल्याचे चटके त्यांनी सोसले होते. पण ते शिक्षणाच्या विरोधात होते, असा अर्थ कृपा करून काढू नका. आपल्या मुलाला, शंतनुरावांना, त्यांनी अमेरिकेत एमआयटीला शिकायला पाठवलं. शंतनुराव १९२६ मध्ये इंजिनिअर होऊन परतले आणि त्यांनी कारखाना पुढे वाढवला. वडिलांचं हातातलं कसब आणि मुलाची पदवी, वाडीला दोन्ही उपयोगी पडलं.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकीट काढलं.

मग आपण यातून काय घ्यायचं?

एक शंका तुमच्याही मनात आली असेल. लक्ष्मणरावांसारखा पारखी मालक भेटला म्हणून फळणीकरांचं सोनं झालं. ज्याला असा मालक भेटत नाही, त्यानं काय करायचं? शिवाय वाडीत तयार झालेला कारागीर उद्या दुसऱ्या गावी गेला, तर तिथे त्याचं कसब कोण ओळखणार? फाटकाबाहेर कसब दाखवायला कागदच लागतो. प्रमाणपत्राची गरज आहे ती यासाठी.

लक्ष्मणराव गेल्यानंतर पाच वर्षांनी, १९६१ मध्ये, देशात शिकाऊ उमेदवार कायदा झाला. कारखान्यात प्रत्यक्ष काम करत शिकायचं, त्या काळात विद्यावेतन घ्यायचं आणि शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवायचं, अशी ही सोय. २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. ज्यांनी गॅरेजमध्ये किंवा घरच्या धंद्यात काम आधीच शिकून घेतलंय, त्यांच्या कौशल्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याचीही आता व्यवस्था आहे. म्हणजे आजच्या फळणीकराला नुसत्या नशिबावर बसून राहायला नको.

पण कायदा झाला म्हणजे शिक्षण झालं, असं नाही. शिकाऊ म्हणून घेतलेला मुलगा वर्षभर झाडू मारतो आणि चहा आणतो, हेही आपण पाहतोच. म्हणून पालकहो, मुलाला कुठे पाठवण्याआधी तीन गोष्टी जरूर विचारा. कराराची रीतसर नोंदणी होणार का? विद्यावेतन किती आणि कधी मिळणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याला शिकवणार कोण आणि कोणत्या यंत्रावर? तिसऱ्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं नाही, तर दुसरी जागा बघा.

तुमच्यापैकी कुणाचं वर्कशॉप असेल, तर त्यांनाही एक विनंती. शिकणारा माल बिघडवणारच. तो बिघडलेला माल शिकवण्याच्या खर्चात धरा. निवडुंगाच्या रानात ज्यांनी अडाणी म्हटलेली माणसं घडवली, त्यांचाही पहिला साचा काही बरोबर बसला नसेल.

आणि शिक्षक मित्रांनो, हा पाठ संपला की वर्गात एक उपक्रम घ्या. दाराची बिजागरी किंवा सायकलचं पेडल टेबलावर ठेवा. मुलांना ते समोरून, वरून आणि बाजूनं असं तीन वेळा काढायला सांगा, पट्टीनं मोजून. रंग भरायचे नाहीत. गणितात मागे राहणारा एखादा मुलगा इथे सगळ्यांच्या पुढे गेलेला दिसेल. त्याचं नाव लिहून ठेवा. दहावीच्या निकालाच्या दिवशी त्याचे आई-वडील तुमच्याकडे येतील, तेव्हा ते चित्र त्यांच्यासमोर ठेवा आणि आयटीआयचं नाव मोठ्या आवाजात घ्या.