व्यसनी नव्हे, रुग्ण : डॉ. मेरी निस्वांडर

१९६४ साल. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या रुग्णालयात हेरॉइनचे जुने व्यसन असलेले दोन पुरुष दाखल झाले होते. दिवसभर ते टीव्हीसमोर बसून राहत. मध्येच डुलकी लागे, मध्येच पुढच्या इंजेक्शनची विचारणा होई. काही आठवड्यांनी त्याच दोघांचे वागणे पार बदलले. एकाने चित्रकलेचे साहित्य मागितले, तर दुसऱ्याला अर्धवट सुटलेले शिक्षण पुरे करायचे होते. या बदलामागे मेथाडोन नावाचे औषध होते. त्याचबरोबर वीस वर्षे व्यसनी माणसांवर उपचार करून बहुतेक वेळा अपयशच पाहिलेल्या एका डॉक्टरची चिकाटीही होती. त्या डॉक्टर म्हणजे मेरी निस्वांडर.

त्यांचा जन्म १३ मार्च १९१९ रोजी अमेरिकेतील नेवाडा राज्यातल्या रेनो शहरात झाला. वडील गणिताचे प्राध्यापक, तर आई डोरोथी सार्वजनिक आरोग्य शिक्षणातल्या नामवंत तज्ज्ञ. मेरी यांनी १९४४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतली. त्यांना सर्जन व्हायचे होते. मात्र युद्धकाळातील सरकारी सेवेत त्यांची नेमणूक १९४५ मध्ये केंटकी राज्यातील लेक्सिंग्टनच्या संस्थेत झाली.

लेक्सिंग्टनची संस्था १९३५ मध्ये सुरू झाली होती. नाव रुग्णालयाचे असले तरी ती निम्मी तुरुंगच होती. शिक्षा झालेले व्यसनी आणि स्वतःहून आलेले रुग्ण एकाच छपराखाली राहत. अफू, मॉर्फिन किंवा हेरॉइन बंद केले की शरीर बंड करून उठते. घाम, थरकाप, उलट्या, जुलाब, हाडे फुटावीत तशा वेदना सुरू होतात. आपल्याकडचे गर्दुल्ले त्याला ‘टर्की’ म्हणतात. लेक्सिंग्टनमध्ये रुग्णाला या अवस्थेतून बाहेर काढत, काही महिने ठेवून घेत आणि घरी पाठवत. त्यातले बहुसंख्य पुन्हा हेरॉइनकडे वळत. रुग्णांना मिळणारी तुच्छतेची वागणूक पाहून तरुण मेरी अस्वस्थ झाल्या. तिथली नोकरी त्यांनी सोडली, पण हा प्रश्न काही सुटला नाही.

न्यूयॉर्कला येऊन त्यांनी मानसोपचाराचे शिक्षण घेतले आणि स्वतःचा दवाखाना थाटला. त्या काळी बहुतेक मानसोपचारतज्ज्ञ व्यसनी माणसाला दारात उभे करत नसत. निस्वांडर यांनी मात्र त्यांच्यासाठी दार उघडे ठेवले. समाजशास्त्रज्ञ चार्ल्स विनिक यांच्या साथीने त्यांनी अशा रुग्णांसाठी उपक्रम सुरू केले. जॅझ वादकांसाठी दवाखाना चालवला, पूर्व हार्लेमच्या गरीब वस्तीतही काम केले. १९५६ मध्ये त्यांचे पुस्तक आले. व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे, हेच त्या पुस्तकाचे सूत्र होते.

पुस्तकातला विचार मोठा होता, हातातला उपचार मात्र तोकडाच होता. मनाचे कंगोरे समजले, बालपणीचे घाव उलगडले की तलफ जाईल, अशी तेव्हाची समजूत होती आणि ती निस्वांडर यांचीही होती. रुग्ण मोकळेपणाने बोलत, त्यांना स्वतःची ओळखही पटे, तरी ते हेरॉइनकडे परत जात. हे वर्षानुवर्षे पाहिल्यावर निस्वांडर यांनी रुग्णाला दोष दिला नाही. आपलाच उपचार चुकत असावा, असे त्यांना वाटू लागले. ज्या पद्धतीत त्या स्वतः तयार झाल्या होत्या, तिच्याबद्दलच हा संशय होता.

औषधाचा मार्ग मात्र कायद्याने अडवला होता. १९१४ च्या हॅरिसन कायद्यानंतर व्यसनी माणसाला त्याचे व्यसन टिकेल असे औषध लिहून देणे हा वैद्यकीय उपचार मानला जात नव्हता. अनेक डॉक्टरांवर खटले झाले, काही तुरुंगात गेले. त्यामुळे पुढच्या पिढीतील डॉक्टरांनी या विषयापासून दूर राहण्यातच शहाणपण मानले.

याच सुमारास रॉकफेलरमधले चयापचय आणि स्थूलतेचे अभ्यासक डॉ. व्हिन्सेंट डोल हेरॉइनच्या प्रश्नाकडे वळले. निस्वांडर यांचे पुस्तक वाचून त्यांनी त्यांना सोबत काम करण्यासाठी बोलावले. डॉ. मेरी जीन क्रीक ही तरुण डॉक्टरही त्यांना येऊन मिळाली. वजन उतरवलेला माणूस पुन्हा लठ्ठ का होतो, हे डोल यांनी पाहिले होते. त्यांना ते इच्छाशक्तीचे नव्हे, तर शरीराच्या रसायनाचे काम वाटे. व्यसनाचेही तसेच असेल का, असा प्रश्न तिघांपुढे होता.

सुरुवातीला रुग्णांना मॉर्फिन देऊन पाहिले. त्याचा परिणाम काही तासांतच ओसरे, डोस वाढवावा लागे. रुग्ण गुंगीत तरी असे किंवा कासावीस तरी. मग मेथाडोनची पाळी आली. हे औषध दुसऱ्या महायुद्धापूर्वी जर्मनीत तयार झाले होते. लेक्सिंग्टनमध्ये ते व्यसन सोडवताना थोडे दिवस देऊन बंद करत. इथेही आधी तेवढाच बेत होता. पण ठरावीक डोस रोज चालू ठेवल्यावर रुग्ण शांत झाले. गुंगी गेली, जेवण-झोप सुधारली, डोस वाढवून मागणे थांबले.

याचे कारण औषधाच्या चालीत आहे. हेरॉइन मेंदूत झपाट्याने पोहोचते आणि काही तासांत उतरते. त्यामुळे दिवसातून अनेकदा नशा आणि टर्की यांच्यात माणूस हेलकावे खातो. मेथाडोन तोंडावाटे घेता येते आणि त्याचा परिणाम दिवसभर राहतो. मेंदूतील ज्या रिसेप्टरवर हेरॉइन बसते तिथेच तेही बसते, पण सावकाश आणि समतोलाने. पुरेसा डोस चालू असताना वरून हेरॉइन घेतले तरी नेहमीची नशा चढत नाही.

ऑगस्ट १९६५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २२ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला. निस्वांडर आणि डोल यांचे लग्नही त्याच वर्षी झाले. या काळात केंद्रीय अमली पदार्थ खात्याच्या अधिकाऱ्यांनी डोल यांना हे काम बेकायदा असल्याचे बजावले. डोल यांनी त्यांना खुशाल कोर्टात जाण्यास सांगितले आणि काम सुरूच राहिले. बेथ इस्रायल रुग्णालयात हा कार्यक्रम वाढला. कोलंबिया विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे केलेल्या पाहणीत उपचारात टिकलेल्या रुग्णांच्या अटका घटल्याचे आणि नोकरी-शिक्षणातला सहभाग वाढल्याचे दिसले.

टीका मात्र कधीच थांबली नाही. हा तर एक नशा काढून दुसरी देण्याचा प्रकार, असे राजकारणी म्हणत, काही डॉक्टरही म्हणत. निस्वांडर यांचा भर रुग्णाच्या आयुष्यावर होता. माणूस कामावर जातो का, घरी परततो का, तुरुंगाबाहेर राहतो का, हे त्या पाहत. मधुमेही रोज इन्सुलिन घेतो म्हणून त्याला कोणी हरलेला म्हणत नाही. १९७२ मध्ये सरकारने मेथाडोनसाठी नियम केले. केंद्रे वाढली, तशी रांग, शिक्के आणि अविश्वासही वाढला. डॉक्टरने ठरवायच्या गोष्टी कागदपत्रे ठरवू लागली, ही खंत दोघांनी १९७६ मध्ये जाहीरपणे लिहिली.

दारूच्या बाबतीतही असाच प्रश्न पुढे आला. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचे संस्थापक बिल विल्सन यांनी डोल यांना दारूसाठी मेथाडोनसारखे औषध शोधण्याचा आग्रह केला होता. तसे औषध डोल यांना सापडले नाही. मात्र दारूच्या उपचारात आज औषधे आहेत. नाल्ट्रेक्झोन दारूतून मिळणारी मौज कमी करते. अमेरिकेत १९८४ मध्ये अफूवर्गीय व्यसनासाठी आणि १९९४ मध्ये दारूसाठी त्याला मान्यता मिळाली. डायसल्फिराम घेतलेल्या माणसाने दारू प्यायली, तर चेहरा लाल होणे, धडधड, उलट्या असा त्रास होतो. म्हणूनच नवऱ्याच्या किंवा मुलाच्या जेवणात ते गुपचूप मिसळणे धोक्याचे आहे.

ही औषधे डॉक्टरच्या देखरेखीशिवाय घ्यायची नाहीत. मेथाडोनचा डोस चुकला, किंवा सोबत दारू अथवा झोपेच्या गोळ्या घेतल्या, तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. शरीरात अफूवर्गीय पदार्थ असताना नाल्ट्रेक्झोन दिले तर तीव्र टर्की सुरू होते. चालू असलेला उपचार मनाने अचानक बंद करणेही तितकेच घातक असते. मधल्या काळात शरीराची सवय उतरलेली असते आणि जुन्या मात्रेतले हेरॉइन मग जीवघेणे ठरते.

मेरी निस्वांडर यांचे २० एप्रिल १९८६ रोजी न्यूयॉर्कमध्ये कर्करोगाने निधन झाले. दोन वर्षांनी मेथाडोनच्या कामासाठी डोल यांना मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन यांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. आज भारतातही राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या केंद्रांवर इंजेक्शनने नशा करणाऱ्यांना ब्युप्रेनॉर्फिनची गोळी समोर बसवून जिभेखाली दिली जाते. गोळी विरघळली की माणूस उठतो आणि आपल्या कामाला निघून जातो. निस्वांडर यांना रुग्णासाठी हवे होते ते एवढेच.