मुलांनी चालवलेले न्यायालय : डॉ. यानुश कोर्चाक



एखाद्या किशोरवयीन मुलाने दुकानातून काही उचलले किंवा मारामारी केली, तर त्याचा न्याय त्याच्याच वयाच्या मुलांनी करायचा, अशी पद्धत आज अमेरिकेत अनेक ठिकाणी आहे. तिला 'यूथ कोर्ट' म्हणतात. ही कल्पना आपल्यातील बऱ्याच पालकांना पोरखेळ वाटेल. शंभर वर्षांपूर्वी पोलंडमधील वॉर्सा शहरात एका डॉक्टरने ती एका अनाथाश्रमात मन लावून राबवली होती. त्याची ओळख आम्ही आज करून देत आहोत.

त्याचे खरे नाव हेन्रिक गोल्डश्मित. जन्म वॉर्सातच, एका ज्यू कुटुंबात. वडील वकील होते. त्यांना मानसिक आजार जडला आणि १८९६ साली ते वारले. घरची सुबत्ता गेली, हेन्रिक शिकवण्या करू लागला. पुढे तो डॉक्टर झाला आणि 'यानुश कोर्चाक' या टोपणनावाने लिहू लागला. लहान मुलांचा डॉक्टर म्हणून चांगले नाव झालेले असताना त्याने १९१२ साली क्रोखमाल्ना रस्त्यावरील ज्यू अनाथाश्रमाची जबाबदारी घेतली. लग्न केले नाही. स्तेफानिया विल्चिन्स्का या बाईंनी त्याच्याबरोबर तीस वर्षे तो आश्रम सांभाळला. खरे तर रोजचा गाडा त्यांनीच ओढला, पण त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही.

वस्तीतून आलेली ही मुले. चोऱ्या, शिवीगाळ, धाकट्यांना मारणे हे सगळे होते. कोर्चाकने शिक्षेचा अधिकार स्वतःकडे ठेवला नाही. भिंतीवर एक फळा लावला. ज्याची तक्रार असेल त्याने आपले नाव आणि ज्याच्यावर खटला भरायचा त्याचे नाव तिथे लिहायचे. आठवड्यातून एकदा न्यायालय बसे. न्यायाधीश पाच, सगळी मुलेच. त्या आठवड्यात ज्यांच्यावर खटला नाही अशांतून चिठ्ठ्या टाकून ती निवडली जात. शिक्षक फक्त जबान्या लिहून घेई आणि वाचून दाखवी. त्याला मत नव्हते.

या न्यायालयासाठी कोर्चाकने कायद्याचे पुस्तकही लिहिले, आणि त्याची रचना मोठी विलक्षण आहे. पहिल्या नव्याण्णव कलमांत शिक्षाच नाही. तक्रार मागे घेतली, आरोपीचा दोष नाही, त्याला कळत नव्हते, त्याला पश्चात्ताप झाला आहे, तो फक्त मायेनेच सुधारेल, अशी एकामागून एक माफीची कारणे त्यात आहेत. मग एकदम कलम शंभर : न्यायालय माफ करत नाही. त्यानंतर दोनशे, तीनशे अशी चढती पायरी. पुढे नाव जाहीर होई, घरी कळवले जाई. कलम नऊशे लागले की त्या मुलासाठी हमी देणारा कोणीतरी शोधावा लागे. कलम हजार म्हणजे आश्रमातून काढून टाकणे; पण तीन महिन्यांनी त्याला परत येण्यासाठी अर्ज करता येई.

सेमिनरीत आम्ही शिकलो की न्याय म्हणजे ज्याचे त्याला देणे. पण चुकलेल्या मुलाचे 'त्याचे' म्हणजे नेमके काय, हे त्या व्याख्येत नसते. कोर्चाकच्या मते ते म्हणजे आणखी एक संधी. आमच्याकडे पालक मुलाला दंडाला धरून आणतात, तेव्हा निकाल बहुधा घरीच लागलेला असतो. आम्ही फक्त शिक्का मारायचा!

हे सगळे सुरळीत चालले असे नाही. काही मुले माफीला हसू लागली, काही जण एकमेकांना खटल्याच्या धमक्या देऊ लागले. ज्यांना न्यायालय अडचणीचे होते ते ते मोडायला टपलेलेच होते. कोर्चाकने न्यायालय बंद केले, आणि चार आठवड्यांनी नियमांत भर घालून पुन्हा सुरू केले. निकालावर महिन्याने फेरविचार मागण्याची सोयही तेव्हाच झाली.

मोठ्यांवरही खटला भरता येत असे. सहा महिन्यांत कोर्चाक स्वतः पाच वेळा आरोपी म्हणून उभा राहिला, आणि पाचही वेळा स्वतःचे नाव त्यानेच दिले होते. एका मुलाच्या कानशिलात मारली, एकाला झोपायच्या खोलीतून बाहेर काढले, एकाला कोपऱ्यात उभे केले, एका न्यायाधीशाचा अपमान केला, एका मुलीवर चोरीचा आळ घेतला. दर वेळी त्याने लेखी जबानी दिली. हे वाचल्यावर आम्हाला वाटले, मुलांनी माफीचा कायदा मानला तो यामुळेच. न्यायासनापुढे मोठे माणूस उभे राहिलेले त्यांनी पाहिले होते. कोर्चाकला वॉर्साच्या बालगुन्हेगार न्यायालयातही तज्ज्ञ म्हणून बोलावत. पण तिथे न्यायाधीश मोठी माणसे होती, आणि आरोपी फक्त मुले.

१९४० साली नाझींनी वॉर्सातील ज्यूंना भिंतीआड कोंडले. आश्रमालाही तिथे जावे लागले. मुलांसाठीचे बटाटे जप्त झाले म्हणून कोर्चाक जाब विचारायला गेला, तर त्यालाच तुरुंगात टाकले. उपासमारीत तो रोज मुलांसाठी अन्न मागत दारोदार हिंडे. तिथेही मुलांचे न्यायालय चालूच होते. १८ जुलै १९४२ रोजी मुलांनी रवींद्रनाथ टागोरांचे 'डाकघर' हे नाटक सादर केले. खोलीत अडकलेल्या आजारी मुलाची ती गोष्ट. नाटक कोर्चाकनेच निवडले होते.

पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला सैनिक आले. निसटून जाण्याच्या संधी त्याला त्याआधी मिळाल्या होत्या. त्याने त्या घेतल्या नाहीत. सुमारे दोनशे मुलांना रांगेत घेऊन तो आणि स्तेफानियाबाई आगगाडीपर्यंत चालत गेले. गाडी त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे जाणारी होती. आज तिथे स्मारक म्हणून हजारो दगड उभे आहेत. काहींवर गावांची नावे कोरली आहेत. माणसाचे नाव असलेला दगड एकच आहे. त्यावर कोर्चाकचे नाव आहे आणि त्याच्या पुढे 'मुले' हा शब्द.