इंजिनाचा कान असलेला माणूस

बारावीला गणितात मी कसाबसा तरलो आणि अभियांत्रिकीचे दार बंद झाले. कलाशाखेत आलो. घरात कोणी काही बोलले नाही, पण आजोबांचा चेहरा उतरला तो मला दिसला. आजोबा सांताक्रूझच्या विमानतळावर इंजिन-मेकॅनिक होते. अंधेरीच्या आमच्या घरात, काचेच्या कपाटात, गणपतीच्या शेजारी त्यांनी एक निकामी स्पार्क प्लग जपून ठेवला आहे. तो कॉन्स्टेलेशन विमानाच्या इंजिनातला. त्या इंजिनांनी त्यांचे कान अधू केले. पण त्यांचे नाव निघाले की म्हाताऱ्याचे डोळे चमकतात. त्या इंजिनांची माहिती मिळेल म्हणून मी जे. आर. डी. टाटांचे चरित्र वाचायला घेतले. हाती लागले ते निराळेच. या माणसालाही अभियंता होता आले नव्हते!

जन्म पॅरिसचा, २९ जुलै १९०४. आई फ्रेंच. उत्तर फ्रान्समध्ये आर्देलोच्या समुद्रकिनारी त्यांच्या घराजवळच विमानवीर ब्लेरिओचे घर होते. तेथेच पंधराव्या वर्षी जे. आर. डी. पहिल्यांदा विमानात बसले. पुढे केंब्रिजला जाऊन अभियांत्रिकी शिकायचे मनात होते. परंतु १९२५ मध्ये वडिलांनी मुंबईला बोलावून घेतले आणि बिनपगारी उमेदवार म्हणून कंपनीत बसवले. पुढल्याच वर्षी वडील वारले. पदवी राहिली ती राहिलीच, आणि ही खंत त्यांना जन्मभर होती.

मग १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना त्यांना मिळाला. १९३० मध्ये आगाखानांनी इंग्लंड-भारत अंतर एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या भारतीयाला पाचशे पौंडांचे बक्षीस लावले. जे. आर. डी. इकडून निघाले, सतरा वर्षांचा अस्पी इंजिनियर तिकडून. दोघांची गाठ इजिप्तमधील अबूकीरला पडली. अस्पी प्लग बिघडल्यामुळे अडकून बसला होता. जे. आर. डी. यांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. बक्षीस अस्पीला मिळाले. हाच अस्पी पुढे भारताचा हवाईदलप्रमुख झाला. हा प्रसंग वाचून मी उठलो आणि कपाटातला आजोबांचा प्लग पुन्हा एकदा हातात घेऊन पाहिला.

१५ ऑक्टोबर १९३२ ची गोष्ट आपल्या परिसरातली आहे. त्या दिवशी सकाळी जे. आर. डी. कराचीहून पस मॉथ विमानात टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला पेट्रोल भरले आणि दुपारी जुहूला उतरले. पेट्रोल बैलगाडीतून डब्यांनी आणलेले! जुहूला तेव्हा धावपट्टी कसली, सपाट चिखलवट जमीन. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई आणि सारा कारभार पुण्याला हलवावा लागे. विमानाचे इंजिन चार सिलिंडरचे, सुमारे १२० अश्वशक्तीचे. तेवढ्या एका इंजिनावर आणि वैमानिकाच्या कानावर सगळी भिस्त. ठोका चुकला की खाली शेत शोधायचे.

आता आजोबांचे इंजिन. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. प्रवासी पस्तीस, त्यांत जे. आर. डी. स्वतः होते. या कॉन्स्टेलेशनला चार राइट इंजिने. प्रत्येकात अठरा सिलिंडर, नऊ-नऊच्या दोन कड्यांत, दांड्याभोवती ताऱ्यासारखे बसवलेले. घनफळ सुमारे ५५ लिटर, शक्ती जवळजवळ अडीच हजार अश्वांची. एका सिलिंडरला दोन, म्हणजे एका इंजिनाला छत्तीस प्लग. चौघांचे मिळून एकशे चव्वेचाळीस! विमान उभे असले की तेल ओघळून खालच्या सिलिंडरांत साचते. म्हणून सुरू करण्यापूर्वी पंखा फिरवून घ्यायचा. तसेच सुरू केले तर इंजिन मोडते. मग एकेक सिलिंडर खोकत पेट घेई, निळा धूर उठे आणि जमीन थरथरे. आजोबा हे सांगताना हाताने पंखा फिरवून दाखवतात. सोळा वर्षांत १२० अश्वशक्तीवरून दहा हजारांवर मजल गेली, तीही एकाच माणसाच्या देखरेखीखाली. मला हे एखाद्या महाकाव्यापेक्षा कमी वाटत नाही. मराठीच्या सरांनी क्षमा करावी.

पण याच मलबार प्रिन्सेसची ३ नोव्हेंबर १९५० ची हकिकतही सांगायला हवी. त्या दिवशी ते आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. ४८ माणसे गेली, एकही वाचला नाही. इतक्या थोर यंत्राचे कौतुक करताना हा आकडा गिळून टाकणे मला जमले नाही. आजोबांना विचारले, तर त्यांनी श्रवणयंत्र काढून ठेवले.

१९५३ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली, तरी अध्यक्षपद जे. आर. डी. यांच्याकडेच राहिले. १९६२ मध्ये सारी विमाने जेट झाली आणि पिस्टनची इंजिने गेली. १९७८ च्या फेब्रुवारीत सरकारने त्यांना अध्यक्षपदावरून दूर केले. पंचवीस वर्षे पगार न घेता सांभाळलेले काम असे काढून घेणे मला तरी करंटेपणाचे वाटते. १९९२ मध्ये भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हाला त्यांचा मृत्यू झाला.

त्याआधीचा एक दिवस मात्र आजोबांनी पाहिला आहे. १५ ऑक्टोबर १९८२. पन्नास वर्षांपूर्वीची तीच वाट, कराची-अहमदाबाद-जुहू, पुन्हा एकट्याने उडून जे. आर. डी. येणार होते. वय अठ्ठ्याहत्तर. विमान लेपर्ड मॉथ, इंजिन पुन्हा चार सिलिंडरचेच. आजोबा रजा टाकून जुहूला गेले. कुंपणाबाहेर गर्दीत त्यांना विमान आधी दिसले नाही, ऐकू आले. अधू कानांनीही. शेजारच्या माणसाला ते म्हणाले, चारही सिलिंडर नीट चालताहेत.