संसाराच्या जात्यापाशी

गेल्या वर्षी दिवाळी सरता सरता माझे वडील गेले. शेतात कपाशी फुटून पांढरीशुभ्र झाली होती. तेरावे झाले, पाहुणे आपापल्या गावी परतले आणि चौदाव्या दिवशी सकाळी आईने नेहमीप्रमाणे भाकरी थापल्या, देवापुढे दिवा लावला, फडक्यात भाकर बांधली आणि ती कपाशी वेचायला निघून गेली. मी घरातच बसून होते. मला तिचा फार राग आला. इतक्या लवकर? माणसाला काही मन असते की नाही? शेजारच्या बायका तर उघडच बोलत होत्या. त्या बोलत होत्या त्याचे दुःख नव्हते. त्या बोलतात ते मला खरे वाटत होते, याचे दुःख होते.

सुट्टी संपली, मी वसतिगृहात परत आले. पण पुस्तकात मन लागेना. मनःशांतीवर पुष्कळ पुस्तके असतात, त्यांतली दोन-तीन आणून वाचली. पहाटे उठून डोळे मिटून बसण्याचाही प्रयोग केला. डोळे मिटले की विचार दुप्पट वेगाने धावू लागत. शिक्षण सोडून घरी जावे, असे एकदा मनाशी ठरवूनही टाकले. त्याच सुमारास आमच्या मराठीच्या बाईंनी चर्चासत्रासाठी विषय वाटून दिले आणि माझ्या वाट्याला बहिणाबाई चौधरी आल्या. शाळेत त्यांची कविता पाठ करून मी चांगले गुण मिळवले होते. आमचा संबंध एवढाच! खरे सांगायचे तर विषय सोपा आहे म्हणून मला बरे वाटले. तो किती अवघड आहे, हे वाचू लागल्यावर कळले.

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या आसोदे गावी महाजनांच्या घरी झाला. वडील उखाजी, आई भिमाई. तीन भाऊ, तीन बहिणी, शेतीभातीचे नांदते घर. मुलीने शाळेत जावे असा तो काळ नव्हता. अक्षरओळख झाली नाही ती शेवटपर्यंत नाहीच. तेराव्या वर्षी त्यांचे लग्न जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी झाले. आज तेराव्या वर्षी आपण आठवीत असतो आणि डब्यात कोणती भाजी आहे यावरून आईशी भांडतो. त्या वयात बहिणाबाई एका मोठ्या कुटुंबाच्या उंबरठ्याच्या आत आल्या. पहाटे उठून दळायचे, पाणी भरायचे, चुलीपुढे बसायचे, मग शेतात जायचे, परत येऊन पुन्हा चूल.

आमच्या खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. या घरोटाशी त्यांचे नाते विशेष होते. दळताना ओव्या म्हणणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. घरोघरच्या बायका म्हणतच असत. पण बहिणाबाई ऐकलेल्याच ओव्या म्हणत बसल्या नाहीत. समोर जे दिसे त्यावर त्यांचे शब्द आपोआप जुळत. पेरणी, कापणी, विहिरीवरची मोट, आखाजीचा झोका, झाडाला टांगलेले सुगरण पाखराचे घरटे, गुढीपाडवा, विठ्ठलाचे देऊळ, असे सगळे त्यांच्या गाण्यात आले. जळगावातल्या छापखान्यावरदेखील त्यांनी गाणे रचले. ज्या बाईला एक अक्षर वाचता येत नव्हते, तिने कागदावर उमटणाऱ्या अक्षरांचे कौतुक करावे, यातले मोठेपण माझ्या आधी लक्षातच आले नव्हते.

आपली विद्या कोठून आली याचा उलगडाही त्यांनी आपल्यापुरता करून ठेवला होता. सरस्वती ही आपली आई आहे आणि तीच आपल्याला बोलायला शिकवते, अशी त्यांची साधी श्रद्धा होती. हा देव त्यांना वेगळ्या ठिकाणी शोधावा लागला नाही. जमिनीत पडलेले बी माती बाजूला सारून वर येते तेव्हा, वाऱ्यावर धान्य उपणताना, पाखराच्या चोचीत, तो त्यांना भेटतच होता. देवपूजा एका खोलीत आणि काम दुसऱ्या खोलीत अशी वाटणी त्यांच्या घरात नव्हती. जाते फिरत असताना त्यांचे नामस्मरण होई आणि नामस्मरण चालू असताना पीठ पडत राही. पीठ तर पडलेच पाहिजे, कारण सकाळी घरातली माणसे जेवायची असत!

मग तो घाला पडला. वयाच्या तिसाव्या वर्षी, म्हणजे १९१०च्या सुमारास, नथुजी वारले. पदरात तीन मुले, काशी, ओंकार आणि सोपान. सोपान तर अगदीच लहान. त्या काळातल्या विधवेच्या वाट्याला काय येत असे, हे आपल्याला समाजसुधारकांच्या चरित्रांतून ठाऊक आहे. कपाळ मोकळे, हात मोकळे आणि समोर अख्खे आयुष्य. बहिणाबाईंच्या या काळातल्या गाण्यांपाशी मी आले आणि थांबले. मला वाटले होते, इथे आक्रोश असेल, किंवा मग सगळे देवावर सोपवून मोकळे होणे असेल. दोन्ही नाही. दुःख आहे, फार आहे. ते लपवलेलेही नाही. पण थोड्या वेळाने त्या स्वतःशीच बोलू लागतात, स्वतःच्याच जिवाची समजूत घालतात. आसवे किती गाळायची याला काही हद्द आहे, लेकरे तोंडाकडे बघत आहेत, असे आपल्याच मनाला सांगतात. भविष्य सांगायला दारी येणाऱ्या जोशालाही त्या परत पाठवतात. कपाळावरचे कुंकू पुसले गेल्यावर त्याखाली दडलेले नशीब आपल्याला दिसले आहे, आता तुझ्याकडून हात पाहून घेण्याचे कारण उरले नाही, असा त्याचा आशय. देवावर एवढी श्रद्धा असलेली बाई दैवाची भाकिते मात्र दारातूनच परत लावते. श्रद्धा आणि भाबडेपणा यांतले अंतर मला या एका प्रसंगाने जितके समजले तितके कोणत्याही व्याख्यानाने समजले नव्हते.

आणि काम? ते एका दिवसापुरतेही थांबले नाही. शेत थांबत नाही, गुरे थांबत नाहीत. इथे मला माझी आई आठवली आणि हातातले पुस्तक मी मिटून ठेवले.

मनाविषयी बहिणाबाईंचे एक गाणे सर्वांना माहीत आहे. उभ्या पिकात शिरणाऱ्या ओढाळ गुराची उपमा त्यांनी मनाला दिली आहे. कितीही हाकलले तरी ते पुन्हा पिकाकडेच वळते. मनःशांतीच्या पुस्तकांत मनाला ताब्यात ठेवायला सांगितलेले असते, आणि ते राहिले नाही की आपल्याला अपराध्यासारखे वाटते. बहिणाबाई तसे काही सांगत नाहीत. ढोर आहे, ते पिकाकडे वळणारच, हे शेतकऱ्याच्या बाईला ठाऊक असते. ती त्यासाठी गुराला शाप देत नाही आणि शेत सोडून पळूनही जात नाही. बांधावर उभी राहून पुन्हा एकदा हाकलते. दिवसातून जितक्या वेळा ते वळेल तितक्या वेळा हाकलते. एवढेच! हे समजल्यावर पहाटे डोळे मिटून बसण्याचा माझा प्रयोग का फसला ते कळले. मला गुरू होते ते एकदाच हाकलून कायमचे मोकळे व्हायचे होते.

चर्चासत्रात मी हे बोलले तेव्हा आमच्या एका सरांनी शंका काढली. ती मी इथे लिहिते, कारण ती रास्त आहे. सरांचे म्हणणे असे की, या कष्टांना आपण साधना म्हणून गौरवतो खरे, पण त्या बाईला दुसरा मार्ग तरी कोठे होता? जात्यापाशी बसणे तिने निवडले नव्हते. तिला शाळेत घातले असते, तिशीतल्या विधवेला समाजाने माणसासारखे वागवले असते, तर? गरिबीचे आणि कष्टाचे असे गोडवे गाण्याने आपण अन्यायावर पांघरूण तर घालत नाही ना?

मला त्या दिवशी नीट उत्तर देता आले नाही. आज देऊन पाहते. जाते त्यांनी निवडले नव्हते, हे अगदी खरे. ज्या समाजाने त्यांना अक्षर दिले नाही त्याचे ते पाप आहेच आणि ते झाकता कामा नये. पण जात्यापाशी बसल्यावर काय व्हायचे, ते मात्र त्यांनी निवडले. त्याच जात्यापाशी बसून कोणी कडवट होते, कोणी मुकी होते. बहिणाबाई कवयित्री झाल्या. शिवाय त्या काही मुकाट सोसणाऱ्या नव्हत्या. माणसाच्या हावरेपणावर, कृतघ्नपणावर आणि ढोंगावर त्यांनी ओढलेले कोरडे वाचले म्हणजे कळते की या बाईची नजर किती तिखट होती. ज्याचा तोल सांभाळलेला असतो त्यालाच असे स्पष्ट बोलता येते. तोल गेलेला माणूस एक तर ओरडतो नाहीतर गप्प बसतो.

त्यांची गाणी आपल्यापर्यंत पोहोचली तीही योगायोगाने. धाकटे सोपानदेव शिकले, पुढे स्वतः कवी म्हणून नावारूपाला आले. शाळेच्या पुस्तकातली सावित्रीची गोष्ट सोपानने आईला वाचून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी आईने तिचे गाणे करून म्हटले, असे सांगतात. सोपानदेवांनी आणि त्यांच्या पितांबर नावाच्या मावसभावाने जमेल तशी काही गाणी उतरवून ठेवली. जी उतरली ती राहिली. बाकीची जात्याच्या घरघरीत आणि शेताच्या वाऱ्यावर विरून गेली. त्याची खंत बहिणाबाईंना होती असे दिसत नाही. भाकर खाऊन संपते म्हणून कोणी भाकर थापायची थांबते का?

३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात बहिणाबाईंचे निधन झाले. त्यानंतर सोपानदेवांनी संकोचत ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे वाचून थक्क झाले आणि ही गाणी प्रसिद्ध झालीच पाहिजेत असा त्यांनी आग्रह धरला. त्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह प्रसिद्ध झाला. आमच्या ज्या बोलीला शहरात गेल्यावर आम्ही लाजतो, ती बोली त्या दिवशी मराठी साहित्याच्या ओसरीवर सन्मानाने येऊन बसली. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. मला जी पदवी मिळेल तिच्यावर एका निरक्षर बाईचे नाव असेल! आपल्या शिक्षणाचा गर्व वाटू लागला की मी याची आठवण करते.

चर्चासत्रानंतर एका रविवारी मी जुन्या जळगावातला चौधरी वाडा पाहून आले. बहिणाबाईंच्या वापरातल्या वस्तू त्यांच्या कुटुंबीयांनी तिथे जपून ठेवल्या आहेत. मी बराच वेळ तिथे रेंगाळले. आजवर देवळांतून मी पुष्कळ वेळा हात जोडले आहेत. रोजच्या कामाच्या साध्या वस्तूंपुढे आपोआप हात जुळले ते त्याच दिवशी.

समतोल म्हणजे दुःख नसणे, अशी माझी समजूत होती. जात्याकडे पाहा. वरची तळी गरगर फिरत असते, पण ती ज्या खिळीभोवती फिरते ती खीळ मधोमध रोवलेली असते. खीळ हलू लागली तर जाते चालत नाही. आणि वरची तळी फिरलीच नाही तर नुसत्या खिळीचा तरी उपयोग काय? बहिणाबाईंची श्रद्धा ही ती खीळ आणि त्यांचे कष्ट ही ती फिरणारी तळी, असे मला वाटते. एकीवाचून दुसरीला अर्थ नाही. मी मात्र पुस्तके वाचून खीळ शोधत बसले होते आणि जात्याला हात लावत नव्हते.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले. वडिलांना वर्ष झाले. वर्षश्राद्ध आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी आई वेचणीला निघाली तेव्हा मीही तिच्याबरोबर निघाले. तिने काही विचारले नाही, मीही काही बोलले नाही. वडील जिथे बसून दुपारची भाकर खात त्या बांधावरच्या लिंबाखाली आम्ही आलो. आईने भाकरीचा एक तुकडा मोडून बाजूला ठेवला, क्षणभर डोळे मिटले, पदराने ते पुसले आणि मग ती जेवू लागली. गेल्या वर्षीही, चौदाव्या दिवशी, तिने तेच केले असेल. मी घरात रागावून बसले होते म्हणून मला ते दिसले नाही.

जेवण झाल्यावर आईने मला परीक्षेचा फॉर्म भरला का, असे विचारले. भरला, म्हणून मी सांगितले. मग आम्ही दोघी पुढच्या ओळीला लागलो. संध्याकाळपर्यंत माझी वेचणी तिच्या निम्मीसुद्धा झाली नव्हती.